जांभळ्यांचा नंबर

१२ जाने., रविवार
आज सकाळी पूजा आटोपल्यावर एक गोष्ट केली, ती बायकोला, सुमनला, सांगितली नाही. गावच्या देवाच्या तसबिरीच्या काचेवर शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि कौल मागितला. उजवी आधी पडली तर पिवळ्या शर्टवाले पहिले, डावी पडली तर हिरवे.
कॉलेज फुटबॉल संघांच्या माझ्या क्रमवारीच्या यादीसाठी! गावात गुरव कौल लावायचा तो सोयरिकीसाठी, विहिरीच्या जागेसाठी, हरवलेल्या गाईसाठी. पन्नाशीला आलेला माणूस, ट्रॉयसारख्या गावात, अमेरिकन पोरांच्या चेंडूसाठी देवाला वेठीला धरतो.
उजवी पडली. पिवळे एक, हिरवे दोन. यादी नेहमीप्रमाणे फ्रिजवर लावली, मित्रांच्या ग्रुपवर टाकली. मग देवाची माफी मागितली. माफी आधी मागायची, कौल नंतर; क्रम उलटा झाला.

१४ जाने.
हर्नडनहून ग्रुपमधल्या शिरीषचा फोन. तो नागपूरचा, बोलण्यात आडपडदा नाही. "दत्ताभाऊ, सगळ्या देशाचा पहिला तुझ्याकडे सातवा कसा बे? रँकिंग करतो का कॅरेक्टर सर्टिफिकेट वाटतो?"
त्याला परत तेच सांगितलं. शाळेत गुरुजी कबड्डी शिकवायचे तेव्हा बाद झालेल्याला हात देऊन उठवल्याशिवाय गुण धरत नसत. मी त्याच नजरेने बघतो. कोण जिंकलं ते बघतोच, पण पडलेल्याला कोणी हात दिला तेही बघतो. तो म्हणाला, तुझे गुरुजी इथे कोच असते तर पहिल्या महिन्यात नोकरी गेली असती.
खरं असेल.

२१ जाने.
पिवळे हरले. वाईट हरले. देव चुकला असं म्हणवत नाही.
संध्याकाळी दिवा लावताना लक्षात आलं की देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला भिंतीत हीटरची जाळी आहे. गरम हवा थेट तसबिरीच्या उजव्या कडेला लागते. उजवी पाकळी आधी वाळणारच.
म्हणजे कौल कोणाचा होता? मन लागेना. हरिपाठही अर्धाच झाला.

२६ जाने., रविवार
फुटबॉल संपलं, आता बास्केटबॉलची यादी. पण आज यादी झालीच नाही, कारण गार्गी.
लेकीला दोन्ही कॉलेजांकडून होकार आला. तांबड्यांचं कॉलेज घरापासून चाळीस मिनिटं, इंजिनिअरिंग उत्तम, मी पहिल्यापासून तेच धरून चाललो होतो. जांभळ्यांचं मिनेसोटात. तिथल्या कोचबाईंनी तिचे शाळेतल्या बास्केटबॉलचे व्हिडिओ पाहिले आणि कळवलं की टीममध्ये घेऊ, शर्ट देऊ, रोज सराव असेल, मॅचमध्ये खेळवू असं मात्र वचन नाही. स्कॉलरशिपही नाही.
म्हणजे चार वर्षं बाकावर. इतक्या लांब. बर्फात.
सुमन म्हणाली, माझा भाऊ तिथेच ईडन प्रेरीला आहे, अगदी परकं नाही.
आणि नेमके जांभळे! त्यांच्या फुटबॉलच्या एका पोराने, बरीच वर्षं झाली, समोरच्या संघातला गडी पाय धरून जमिनीवर पडलेला असताना त्याला ओलांडून नाच केला होता. तेव्हापासून माझ्याकडे जांभळे तळाला. फुटबॉल असो, बास्केटबॉल असो. गार्गी तेव्हा लहान होती, माझ्याशेजारी सोफ्यावर बसून ओरडायची, "बाबा, हात! त्याने हात दिला!" तीच माझी पंच. त्या नाचणाऱ्याला तिनेही हुर्यो केली होती.

२ फेब्रु., रविवार
मुलांच्या बास्केटबॉलची यादी लावली. जांभळे शेवटी. गार्गी सीरिअल खात फ्रिजसमोर उभी राहिली.
"बाबा, तो नाचणारा डूड आता इन्शुरन्स विकत असेल."
मी म्हटलं, असेल.
"आणि मुली कुठेयत तुझ्या लिस्टमध्ये? आय प्ले, बाबा. तू माझ्या प्रत्येक गेमला येतोस. मुलींची लिस्ट तू कधीच नाही केलीस."
कधी सुचलंच नाही, हे खरं उत्तर. ते देणं बरं दिसलं नसतं.

९ फेब्रु.
मुलींच्या मॅचेस बघायला लागलो. आधी जांभळ्यांच्याच. उघड सांगतो, निदान इथे तरी: खोड काढायला बसलो होतो. एक धक्का, एक ओलांडणं दिसलं असतं तर काम झालं असतं.
दिसलं नाही. हात देतात. सगळ्याच देतात असं नाही, पण देतात. खेळ मात्र बेताचा. चेंडू पास करायचा तिथे बास्केटमध्ये टाकतात, टाकायचा तिथे पास करतात.
तांबड्या मुली बघितल्या. फारच सुंदर खेळतात. त्यांच्यात गार्गीला जागा नाही. तिथे ती गॅलरीत बसेल, माझ्यासारखी.

१६ फेब्रु., रविवार
मुलींची पहिली यादी. तांबड्या दोन, जांभळ्या आठ. शिरीषने ग्रुपवर लिहिलं, "जांभळ्या आठव्या?? भाऊ, तब्येत बरी आहे ना?"
गार्गीने वाचली आणि आठावर पेन्सिलने हसरं तोंड काढलं. पुसलं नाही.

२३ फेब्रु.
डोक्यात गोंधळ. पूर्वी पोर एका कॉलेजात गेलं की तिथलंच. आता दरवर्षी इकडून तिकडे जातात. मागच्या वर्षीच्या पिवळ्यांतले निम्मे आज वेगवेगळ्या रंगांत आहेत, त्यांचा कोच हिरव्यांकडे गेला म्हणतात. शर्ट तोच, माणसं नवी. मग मी नंबर लावतो तो कोणाचा? आणि इतकी वर्षं राग धरला तो कोणावर? जांभळ्या रंगावर?
आज कुठेतरी वाचलं की जांभळ्या मुलींच्या कोचबाईही दुसरीकडे जाणार अशी चर्चा आहे. वाचल्या वाचल्या आनंद झाला. लगेच तसबिरीकडे पाठ करून बसलो.

१ मार्च
कोचबाई कुठे जात नाहीत. गार्गीने स्वतःच विचारून घेतलं त्यांना. ही हिंमत कुठून आली तिला. मी एकोणीस वर्षं एकाच कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासतो, साहेबाला रजा विचारताना अजून घसा साफ करतो.

९ मार्च, रविवार
पुन्हा केलं.
सुमन देवळात गेली होती, गार्गी झोपलेली. दोन पाकळ्या, तिच्या कॉलेजासाठी. उजवी पडली तर जांभळे, डावी पडली तर तांबडे.
उजवी पडली. लगेच.
मनात आलं, ही फर्नेसची करणी. तळघरात जाऊन घर तापवणारी ती भट्टीच बंद केली. नव्या पाकळ्या घेतल्या, नव्याने चिकटवल्या, डोळे मिटून बसलो. कौल एका गोष्टीला एकदाच मागायचा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी.
डोळे उघडले तेव्हा सुमन कोट घालूनच मागे उभी. किती वेळ, कोण जाणे.
"पहिला काय आला?"
सांगितलं.
"मग हे काय चाललंय? रिव्ह्यू?"
मी म्हटलं, हीटरची हवा लागते गं.
"अहो, देवाला हीटर कळत नाही होय? त्याला फुटबॉलची यादी करायला लावलीत तेव्हा चालली ती हवा."
म्हणजे तेही तिला माहीत होतं.
तेवढ्यात गार्गी ब्लँकेट गुंडाळून खाली आली. घर इतकं थंड का आहे, फर्नेस बिघडली का, विचारत होती. सुमन म्हणाली, बाबांना विचार. मी खाली गेलो आणि फर्नेस चालू केली.
दुसऱ्या वेळच्या पाकळ्या रात्रीपर्यंत पडल्याच नाहीत. दोन्ही. तशाच चिकटून.

१० मार्च
सकाळी दोन्ही काचेवरच सुकलेल्या होत्या. नखाने काढाव्या लागल्या. हा नकार, की रुसवा, की नुसता पाकळीचा चीक? विचारायला गुरव नाही. गावाकडे फोन करून कारण काय सांगू?

१६ मार्च, रविवार
यादी नाही. ग्रुपवर लिहिलं, या आठवड्यात बरं नाही. शिरीषचा लगेच फोन. त्याला गार्गीचं सांगितलं, कौलाचं नाही. पहिल्यांदाच चेष्टा केली नाही त्याने. म्हणाला, माझा पोरगा घराजवळच राहिला भाऊ, आणि महिन्यातून एकदा जेवायला येतो, तोही कपडे धुवायला.
हे ऐकून धीर आला की गेला, अजून कळलेलं नाही.

२३ मार्च
जेवताना विषय निघालाच. मीच काढला. विचारलं, चार वर्षं बाकावर बसून काय मिळणार तुला?
गार्गी म्हणाली, "आय मे नेव्हर प्ले. आय नो दॅट. कोचने पण सांगितलंय. तरी मला तिथे, जिममध्ये असायचंय."
सुमन वाढता वाढता म्हणाली, तुझे बाबाही राखीवच होते.
हे गार्गीला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काय होतं. शाळेच्या कबड्डी संघात राखीव गडी. गड्यांचे कपडे सांभाळायचे, पाणी द्यायचं. एक सामना खेळलो नाही. तालुक्याला सामने होते तेव्हा सगळे ट्रकमधून गेलो, येताना रात्रभर गाणी म्हणत आलो, गुरुजी पुढे ड्रायव्हरशेजारी झोपलेले. तेवढंच.
तेवढंच म्हणालो.
गार्गीने चमचा खाली ठेवला. "पण तू ट्रकमध्ये होतास ना, बाबा?"
मी म्हटलं, हो.
सुमनने मला विचारलं, अजून भात हवा का. ताटात होता तो तसाच होता.

३० मार्च, रविवार
आता गार्गीचंच ठरत नाही. कॉलेजला कळवायची मुदत महिन्याने संपते. काल रात्री तिने ईडन प्रेरीच्या मामाला फोन केला, तांबड्यांचं इंजिनिअरिंग पुन्हा वाचून काढलं, मग रडली. आज माझ्याजवळ येऊन बसली, लहानपणी बसायची तशी, पाय वर घेऊन.
"यू रँक एव्हरीथिंग, बाबा. या दोघांना पण नंबर दे. मी ऐकेनच असं नाही. पण मला बघायचंय."
पंचवीस संघांना नंबर देतो आणि दोन कॉलेजांना देता येत नाही. मी म्हटलं, पुढच्या रविवारी.
तिला वाटत असेल मी तांबडेच लिहीन. मलाही तसंच वाटतं.

४ एप्रिल
कामावर एक भाग तपासायचा राहिला. मागच्या माणसाने पकडला. असं होत नाही माझं.
देवापुढे बसलो पण काही मागितलं नाही. मागायला भीती वाटते. तो पहिल्या वेळी बोलला असेल तर मी ऐकलं नाही. बोलला नसेल तर माझा मीच आहे.
ती गेल्यावर सोफ्यावर "हात" कोण म्हणणार, असला विचार येतो. हा काही विचार झाला?

६ एप्रिल, रविवार
पहाटे उठलो, आंघोळ, पूजा. पाकळ्यांना हात लावला नाही. शेवंती सगळीच देवाच्या पायाशी वाहिली.
मग नेहमीची यादी केली. मुलींमध्ये तांबड्या पहिल्या, खरोखरच पहिल्या, तो नंबर दुसऱ्या कोणाला देण्यासारखा नव्हता. जांभळ्या आठव्या होत्या त्या नवव्या झाल्या. शेवटच्या मॅचेसमध्ये फार वाईट खेळल्या. ग्रुपवर टाकली.
दुसरा कागद घेतला. त्यावर दोनच ओळी. नवव्या नंबरच्या संघाचं कॉलेज, घरापासून एवढं लांब, बाकावरची जागा. कारण विचारलं तर मला सांगता येणार नाही, शिरीषला नाही, तिलाही नाही. ट्रकचं सांगू तर हसतील.
१. जांभळे
२. तांबडे
सुमन चहा घेऊन आली, वाचलं, आणि चहा ओट्यावर ठेवून माझ्याशेजारी उभी राहिली. म्हणाली, बघा, ती नाहीही जायची. मी म्हटलं, हो.
कागद फ्रिजवर लावला, मोठ्या यादीच्या शेजारी, गार्गीच्या डोळ्यांच्या उंचीला. ती अजून उठलेली नाही.