एक तुकडा म्हणजे नक्की किती

प्रिय अक्का,

तुला आणि भाऊजींना माझे गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं थांबलं का? आणि भाऊजींची पाठ? (दुखत असेल तर काळजी घ्या म्हणावं, आणि दुखत नसेल तर घेतलेल्या काळजीचा गुण आला म्हणावं. दोन्हीकडून माझी सोय.) आम्ही तिघंही ठीक आहोत. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर भाऊजी मध्येच हवामान विचारतात आणि माझा धागा तुटतो. ही हकीकत अशी आहे की तिचा धागा तुटला तर मला जेवण जाणार नाही.

तर अक्का, आपल्या टिंगूची पाटी लागली! (टिंगू म्हणायचं आता फक्त सवयीनं. पोरगी माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे आणि माळ्यावरचे डबे तीच काढते.) तुला आठवत असेल, तिनं अन्नशास्त्र शिकायचं ठरवलं तेव्हा आपल्या घराण्यात सगळ्यांना वाटलं, ही स्वयंपाक शिकायला चालली. मलाही तेच वाटलं होतं, आता लपवून काय उपयोग? चार वर्षं मी विचारणाऱ्याला "ती जेवणाचंच काहीतरी करते" असं सांगून वेळ मारून नेली. आता ती खाद्यपदार्थ तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. बिस्किटं, सॉस, लोणी, काय येईल ते दळायचं, सुकवायचं, जाळायचं आणि त्यात मेद किती, प्रथिनं किती, मीठ किती ते कागदावर उतरवायचं. (खायचं मात्र नाही. मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.)

गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या पिझ्झाच्या दुकानानं गल्ल्याशेजारी भली मोठी पाटी लावली. एका तुकड्यात कॅलरी दोनशे चाळीस, मेद दहा ग्रॅम, प्रथिनं दहा ग्रॅम, मीठ एक पूर्णांक दोन ग्रॅम. खाली प्रयोगशाळेचं नाव नि फोन नंबर, आणि त्याच्या खाली तपासणाऱ्याची सही. अक्का, ती सही! दहावीत असताना वहीच्या शेवटच्या पानांवर गिरवून गिरवून पोरीनं पक्की केलेली ती सही, माणसांनी भरलेल्या दुकानात, काचेच्या मागे, दिव्याखाली. मी पहिल्या दिवशी नुसतीच बघून आलो. दुसऱ्या दिवशी हिला घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी न्हाव्याला, आणि चौथ्या दिवशी दाताच्या डॉक्टरला. (तो बिचारा पोटभर जेवून आला होता, पण मी सोडतोय होय!) दर वेळी नुसतं बघून निघणं बरं दिसत नाही म्हणून एक पिझ्झा घ्यायचा, आणि रांगेतल्या लोकांना, खालची सही माझ्या मुलीची हे सांगून, पाटी मोठ्यानं वाचून दाखवायची. मेदापर्यंत लोक हसून ऐकायचे. मिठाशी आलो की दोन-चार जण रांगेतून मागे सरकायचे. मॅनेजरला आधी वाटलं, मला समोरच्या दुकानानं पाठवलंय.

चौथ्या दिवशी दाताच्या डॉक्टरनं, सवयीनंच, मोजलं. म्हणाला, "सहाच आहेत." मी म्हटलं, काय सहा? तर म्हणाला, तुकडे. मी मोजले. सहा. शेजारच्या टेबलावरचे मोजले, तेही सहा. आता तुला माहीतच आहे, मी एकतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. आकडा एक म्हणतो आणि वस्तू दुसरं म्हणते असं दिसलं की माझ्या बुडाला खुर्ची टोचायला लागते. टिंगूनं मला घरी सांगितलं होतं की दुकानानं प्रयोगशाळेला दिलेल्या कागदावर मधल्या आकाराच्या पिझ्झाचे नव्वद-नव्वद ग्रॅमचे आठ तुकडे लिहिलेत, आणि दोनशे चाळीस हा त्या आठांतल्या एका तुकड्याचा आकडा. मग सहांतला एक तुकडा मोठा नाही का होणार? आणि त्या मोठ्या तुकड्याच्या डोक्यावर धाकट्या तुकड्याचा आकडा, आणि त्या आकड्याखाली माझ्या पोरीची सही!

पुढे जे झालं ते मी अभिमानानं सांगत नाही. (थोडं सांगतो.) माझ्या पिशवीत छोटा काटा असतोच. तो टेबलावर मांडला आणि तुकडा ठेवला. दीडशे ग्रॅम. कागदाप्रमाणे हवा होता नव्वदचा. मी उभा राहिलो आणि दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात दीडशे म्हणालो. बस्स! पलीकडचा व्यायामवाला आपला तुकडा घेऊन आला. एक आजीबाई म्हणाल्या, मला सगळ्यांत हलका काढून द्या. बघता बघता माझ्यापुढे गल्ल्यापेक्षा लांब रांग लागली, काट्याच्या बटणांत सॉस गेला, आणि मॅनेजर धावत आला.

"काका, इथे काटा लावता येणार नाही."

"मग पाटी कशी लावता येते?" मी म्हटलं. (हे मला आयत्या वेळी सुचलं. घरी आल्यावर हिला तीनदा सांगितलं.)

त्यानं मला दंडाला धरून, पण सभ्यपणे, दाराबाहेर सोडलं. दाताचा डॉक्टर आतच राहिला. उरलेला पिझ्झा संपवून आला.

संध्याकाळी टिंगू घरी आली ती पांढरी फटक होऊन. मॅनेजरनं पाटीवरचा नंबर बघून थेट प्रयोगशाळेत फोन लावला होता, आणि तिथल्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर तिला विचारलं होतं की तुमचे वडील आमच्या गिऱ्हाइकाच्या दुकानात काय करतात. मला वाटलं होतं पोरगी म्हणेल, बाबा, बरं झालं बघितलंत. तिनं माझा काटा घेतला, स्वतःकडचं शंभर ग्रॅमचं प्रमाण वजन त्यावर ठेवलं आणि माझ्यासमोर धरला. एकशे पंधरा.

"बाबा, तुमच्या काट्याचं शून्य चुकलंय," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

अक्का, एकतीस वर्षं! गावभरचे काटे मी सरळ केले आणि माझाच काटा पंधरा ग्रॅम वर चढून बसला होता. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जे काही सांगायचं ते हिच्यामार्फत. "आई, बाबांना सांग पंखा बंद करा." पंखा माझ्या डोक्यावर, मी तिच्यासमोर, आणि निरोप स्वयंपाकघरातून फिरून यायचा.

पण त्या तीन दिवसांत ती काय करत होती ते मला नंतर कळलं. रोज वेगळ्या वेळेला, वेगळ्या शाखेतून, साध्या गिऱ्हाइकासारखी जाऊन तिनं पिझ्झे विकत आणले. मोजले, तोलले, आणि प्रयोगशाळेच्या मोठ्या मिक्सरमध्ये घालून त्यांचा लगदा केला. (पिझ्झ्याचा लगदा कसा दिसतो हे तिनं मला फोटोत दाखवलं. त्यानंतर दोन दिवस मला टोमॅटोकडे बघवेना.) निकाल असा, की सगळीकडे सहाच तुकडे. कारण काय, तर गर्दीच्या वेळी सुरीच्या तीन फटक्यांत सहा होतात, आठाला चौथा फटका लागतो. आणि वर चीजही कागदावर लिहिलंय त्याहून नव्वद ग्रॅम जास्त. म्हणजे खरा तुकडा एकशे पस्तीस ग्रॅमचा, कॅलरी तीनशे पासष्ट, मेद सतरा, मीठ एक पूर्णांक आठ. असे तीन खाल्ले की माणसाचं दिवसभराचं मीठ तिथेच संपलं. मी म्हटलं, म्हणजे विषच की! तर म्हणाली, "विष कशाला? प्रथिनंही सतरा ग्रॅम आहेत, कॅल्शियम आहे. खाणाऱ्यानं खुशाल खावं. पण आपण काय खातोय ते त्याला कळायला हवं ना?"

मग ती मोठ्या बाईंपुढे गेली आणि आपणहून म्हणाली, "चूक माझीही आहे. दुकानानं तपासणीला पाठवला तो नमुना कागदाबरहुकूम होता, पण सही करण्याआधी मी स्वतः दुकानात जाऊन बघायला हवं होतं." असं कुणी म्हणतं का? मी माझ्या चुका आजवर स्प्रिंगांवर ढकलत आलो.

मालकाच्या कचेरीत बैठक ठरली. तिची स्कूटर दुरुस्तीला होती म्हणून मी सोडायला गेलो. तोंड न उघडण्याच्या अटीवर मला बाहेरच्या खुर्चीवर बसवलं. मधली भिंत काचेची आणि वरून उघडी, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता. आत पाच शाखांचा मालक, मॅनेजर, मोठ्या बाई आणि आपली टिंगू. मालक गोड बोलणारा माणूस. म्हणाला, मॅडम, एवढं कशाला ताणायचं? "एक तुकडा" पुसू, तिथे "आठवा भाग" लिहू. आकडा तोच राहील, तुमचंही खरं, आमचंही खरं.

मोठ्या बाईंनी समोरची वही उघडली. पाच शाखांचं काम हातचं जाणार हे त्यांच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं. मी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून बसलो होतो.

टिंगू म्हणाली, "लोक तुकडा खातात. अपूर्णांक खात नाहीत."

मालकाचा आवाज जरा खाली आला. "तीनशे पासष्ट लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल."

"मग तुकडा लहान करा. आकडा लहान करायची माझ्याकडे सोय नाही. आणि हे पटत नसेल तर पाटीवरची माझी सही आजच काढा."

अक्का, मला खोकल्याची उबळ आली. खोकलो तर अट मोडेल म्हणून तसाच बसलो. डोळ्यांतून पाणी आलं ते त्या दाबलेल्या खोकल्याचं, असं मी दाराशी उभ्या शिपायाला सांगितलं. मग मोठ्या बाईंनी आपली वही मिटली आणि म्हणाल्या, "सही काढायची तर प्रयोगशाळेचं नावही काढावं लागेल." त्या क्षणापासून त्या बाईंना मी मनातल्या मनात ताई म्हणतो.

मालकानं दोन दिवस घेतले आणि कबूल झाला. पाचही शाखांत चौथा फटका सुरू झाला. चीज घालायला मापाचं भांडं दिलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात पिझ्झ्यावर चीज घालणारा रुसला. धिप्पाड माणूस, पंजा सुपाएवढा. त्याचं म्हणणं, माझा सढळ हात बघून लोक येतात, आणि मला भांडं देता? टिंगू तिथे गेली, त्याच्या सहा मुठी एकामागून एक तोलल्या. सहाही मुठी दोन ग्रॅमच्या आत सारख्या! ती त्याला म्हणाली, "दादा, तुमचा हात म्हणजे काटाच आहे. फक्त शून्य चुकलंय, ते सरळ करू." आता तो भांडं बाजूला ठेवून मुठीनंच बरोबर माप घालतो आणि येईल त्याला तोलून दाखवतो. (शून्य चुकणं हा आमच्या धंद्यातला शब्द. तो तिनं कुठून उचलला हे तुला वेगळं सांगायला नको.)

आणि शेवटी काय झालं, ऐक. तुकडे आठ झाले, चीज मापात आलं, म्हणजे तुकडा भरला नव्वद ग्रॅमचा आणि कॅलरी पुन्हा दोनशे चाळीस! पाटीवरचा एक आकडासुद्धा बदलला नाही, अक्का. न्हावी मला विचारतो, मग तुमच्या मुलीनं केलं काय? मी त्याला म्हटलं, लोक वस्तू बघून पाटी बदलतात, माझ्या मुलीनं पाटीसाठी वस्तू बदलली. (त्याच्या हातात वस्तरा होता, म्हणून जास्त बोललो नाही.) आणि गिऱ्हाईक? ते खूश आहे. सहाचे आठ तुकडे दिले म्हणून मालकाला दुवा देतं.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना वाचून दाखव, पण मिठाचा भाग हळू वाच.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. मुख्य काम राहिलंच. हे सगळं मी न्हाव्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, मालकाच्या शिपायालाही सांगितलं. टिंगूला मात्र अजून एक अक्षर बोललेलो नाही. रोज ठरवतो, आणि ती समोर आली की तोंडातून "स्कूटरमध्ये हवा भरलीस का" एवढंच निघतं. तू तिला चार ओळी लिहिशील? बाबांना फार अभिमान वाटतो, असं काहीतरी. माझ्यापेक्षा तुझं अक्षरही बरं आहे. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.

ता.क. दुसरा: तिला पत्र लिहिताना त्या पंधरा ग्रॅमचा उल्लेख टाळ.

आत्या, मी टिंगू. पत्र टपालात टाकायला बाबांनी माझ्याच हातात दिलं. आकडे तपासले, बरोबर आहेत. तू लिहिलंस तरी चालेल, पण घाई नाही, मला पोचलं. पाकीट उघडंच होतं. बाबांनी आजवर बाहेर पाठवलेलं एकही पाकीट उघडं ठेवलेलं मी पाहिलेलं नाही.