लाल पेल्याचं वय

३ मे
प्रागची ट्रामवरची नोकरी सोडली, ब्रनोच्या बेकरीतली सोडली. आता काच. इथल्या संग्रहालयाच्या प्रमुख व्लाचिलोवा बाईंना मदतनीस हवाय. तो मीच. जुनी काच ओळखायचं पुस्तक निम्मं वाचलं. पुरे. पेला उलटा करायचा. बुडाला झिजल्याचे ओरखडे दिसले तर जुना, नाही तर नवा. लोक यात जन्म घालवतात!

६ मे
गल्लीतल्या पाच घरांतली काच तपासली. सगळा टुरिस्टांना विकायचा माल. एका आजोबांना तसं तोंडावर सांगितलं, तर म्हणाले, बाळा, तुला मिशा फुटायच्या आधीपासून मी काच कोरतोय. कोरत असाल हो. वय ओळखायला डोकं लागतं.

९ मे, सकाळी
घरमालकीण लिबुशे काकूंनी कपाटातला पेला दाखवला. लालभडक, त्यावर कोरलेलं हरीण. म्हणे पणजीच्या आईचा. उलटा केला. बूड गुळगुळीत. नवा! काकू म्हणाल्या, अरे, आमच्याकडे चांगली काच कपाटाबाहेर काढतच नाहीत, नुसती बघायची. म्हटलं, सगळे हीच थाप मारतात. पुस्तकच नाकासमोर धरलं. काकूंचा चेहरा पडला. अडाण्यांना सत्य पचत नाही.

१० मे
शनिवारी काकूंच्या मुलीचं, ब्लांकाचं लग्न. व्लाचिलोवा बाई येणार. तिथेच नोकरी फायनल करायची. तोवर उरलेलं पुस्तक संपवायचं. निश्चय! (ऊन छान होतं. नदीवर गेलो.)

१२ मे, दुपारी
जेवणाच्या हॉलच्या दारात नवरा-नवरीच्या पायाशी शुभ म्हणून बशी फोडतात, तुकडे दोघांनी मिळून झाडायचे. काकूंनी बशीऐवजी लाल पेला आणला! म्हणाल्या, नवाच आहे ना, मग लेकीच्या शुभकार्याला तरी लागू दे. खळ्ळ! व्लाचिलोवा बाई नव्या ड्रेसनिशी गुडघ्यांवर बसल्या. हरणाच्या मानेचा तुकडा उजेडात धरला. म्हणाल्या, पावणेदोनशे वर्षांचा होता, याला नवा कोण म्हणालं? सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघायला लागलं. मी शांतपणे बुडाचा नियम सांगितला. बाई म्हणाल्या, कपाटातून हललाच नाही तर झिजेल कसा, गाढवा? काकू रडायला लागल्या. नवऱ्याकडच्यांना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून.

संध्याकाळी
बाईंनी हॉलबाहेर गाठून विचारलं, अजून कुणाकुणाची काच नवी म्हणून सांगितलंस? घरं सांग, पटकन. पाचही घरं नावानिशी लिहून दिली. कागद हिसकावून, केक तसाच टाकून बाई धावत सुटल्या. उंच टाचांच्या बुटांत!
अखेर माझं काम कुणीतरी मनावर घेतलं.
पगाराचं तेवढं बोलायचं राहिलं.