खेळत्या हवेचा धडा

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. मी कॉलेजात जाते हे तुझ्या कानावर आलंच असेल, आणि तू हसलाही असशील. बावन्नाव्या वर्षी तुझी बहीण हीटर, एसी आणि हवा खेळती ठेवण्याचं काम शिकते आहे. वर्गातली बाकी सगळी, मला लेक असती तर तिच्या वयाची. मला मावशी म्हणतात, आणि तांब्याची नळी वाकवताना कुठे कट्‌ आवाज झाला की आधी माझ्याकडे बघतात. सरांना पोरांनी ‘फिल्टर’ नाव ठेवलंय, कारण त्यांच्या कानात फक्त त्यांना हवं तेच शिरतं.

माझं बरं चाललंय. बरं म्हणजे, काही वाटत नाही. सकाळी डबा भरते, बूट चढवते, जाते, येते. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील, मला अजून रडू आलेलं नाही. तू तर त्यानंतर या घराची पायरीच चढला नाहीस. त्यांच्या खोलीतला गॅसचा हीटर तू बसवलास आणि त्याच्याच विषारी वायूनं ते झोपेत गेले, म्हणून. चालतं दुकान बंद केलंस, पान्याला हात लावत नाहीस, तुझी बायको सांगते सगळं.

मी नाव घातलं ते तुझ्यासाठी. तुझ्या कामात खोट नव्हती, हे कुणीतरी शिकून दाखवून द्यायला हवं होतं. नुसतं समजावून ऐकणाऱ्यातला तू नाहीस. तो हीटर माळ्यावर पडून होता, तो मी वर्गात नेला. सरांनी अख्खा खोलला, पुन्हा जोडला आणि म्हणाले, बसवणाऱ्याचा हात चांगला आहे, एकही सांधा गळत नाही. तेव्हा मला जरा हलकं वाटलं.

मग त्यांनी तो सरावाच्या बंद खोलीत पेटवला. आत वायू मोजायचं यंत्र ठेवलं, आम्ही काचेतून बघत होतो. तासभर आकडा हलला नाही. आता हवा यायची जाळी बंद करा, म्हणाले. ताजी हवा मिळाली नाही की ज्योत अर्धवट जळते आणि चांगला हीटरही विष सोडतो, ते दाखवायचं होतं. टेप माझ्याच हातात होती. चारही कडा दाबून मी जाळीवर प्लास्टिक चिकटवलं. थोड्या वेळानं यंत्र ओरडायला लागलं. पोरं वहीत उतरवून घेत होती, मी नुसती उभी.

बाबांची तक्रार होती, डोक्यावर गार वारा येतो. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी प्लास्टिकची पिशवी कापून त्यांच्या खोलीतली जाळी अशीच बंद केली होती. सकाळी ते उठेनात म्हणून खिडक्या उघडल्या, तेव्हा ती पिशवीही ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली. तपासणीला आलेल्यांना जाळी उघडीच दिसली. दोन वर्षं मला ते आठवलं नाही, देवाशपथ आठवलं नाही. पण मंगळवारी आठवलं आणि आज शनिवार आहे. चार दिवस मी मुद्दाम गप्प बसले, कारण तू मला तोडलंस तर माझं म्हणावं असं कुणी उरत नाही. हे तुझ्या बायकोलाही वाचून दाखव. दुकान उघड. बाबा माझ्या हातून गेले, तुझ्या नाही.

तुझीच,
ताई