मंगरू आमच्याकडे मजूर नव्हता

माझा नातू ताराचंद, वय दहा, याला ऑटिझम नावाची जन्मजात अवस्था आहे आणि ती आईच्या वागण्याने आलेली नाही, असे नागपूरच्या बालमनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी १० फेब्रुवारी १९८६ च्या पत्राने कळवले आहे. पत्र सोबत जोडले आहे.

मी, गोपाळ लक्ष्मण सोनकुसरे, वय एकोणसत्तर, धंदा कोशाचे रेशमी कापड विणणे व विकणे, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. पाच वर्षांपूर्वीही ती ठिकाणावरच होती, म्हणून त्या वेळच्या वागण्याला मला सबब नाही.

१. मोहाडीचे राहते घर, मागच्या अंगणासह, माझी सून सत्यवती हिला द्यावे. मुलगा भोजराज याला नाही. ताराचंद पाच वर्षांचा होऊनही बोलत नव्हता, तेव्हा मी समाजाच्या बैठकीत उभा राहून म्हणालो होतो, "मायनं कधी मांडीवर घेतलं नाही, दोन शब्द बोलली नाही. लेकरू बोलन कसं?" त्यानंतर सत्यवती लेकराला घेऊन अड्याळला माहेरी गेली ती आजतागायत. ती दिवसभर तीन मागांसाठी कांड्यांवर धागा भरत होती, आणि ते काम तिला मीच लावले होते, हे मी बैठकीत सांगितले नाही. भोजराज तिथेच बसला होता. माझ्यासमोर तो बोलत नाही. ती सवयही मीच लावली.

२. पुढच्या खोलीतले दोन माग भोजराजला द्यावे.

३. मेहुणे मारोतराव यांनी त्या बैठकीत हसून म्हटले होते, "बाई नाही, बरफाची लादी आहे." मी मान डोलावली होती. त्यांना माझी काठी द्यावी, बोलण्याआधी टेकून उभे राहायला. राग म्हणून देत नाही. राग धरण्याचा हक्क मला उरलेला नाही.

४. मागच्या पडवीतला खड्डामाग मंगरू लक्ष्मण सोनकुसरे याचा आहे. गावात त्याला आमचा मजूर समजतात. तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

याचा खुलासा करणे भाग आहे. लहानपणी आम्ही खेड्यावर राहत होतो, मोहाडीत त्याला कोणी ओळखत नव्हते. मंगरू बोलत नाही. एकाच ताटलीत जेवतो, रिकामी कांडी कानाशी धरून फिरवतो, आणि त्याच्यासारखा काठ आमच्यात कोणाला विणता येत नाही. १९७४ साली सत्यवतीचे वडील घर पाहायला आले, तेव्हा तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मधेच उठवला असता तर ओरडला असता. पाहुण्यांनी विचारले, हे कोण? मी म्हणालो, "मजूर आहे जी. मुका आहे, पण हात चांगला आहे." सोयरीक जुळली. पुढे सून त्याला अंगणात मजुराचे ताट वाढत राहिली आणि मी वाढू दिले; घरात कोणाला तिला खरे सांगूही दिले नाही. माझी पत्नी कै. शेवंताबाई यावरून माझ्याशी भांडली. तिचे ऐकायला हवे होते.

गेल्या महिन्यात सत्यवतीच्या भावाने तिला आणि ताराचंदला नागपूरला नेले. डॉक्टरीणबाईंना वडिलांकडची माणसे हवी होती. भोजराज गेला नाही, मी गेलो. त्यांनी विचारले, घराण्यात असे आणखी कोणी? मी नाही म्हणालो. ताराचंद जमिनीवर बसून कानाशी कांडी फिरवत होता. तेव्हा सत्यवती म्हणाली, "आमच्या मागावरचा मंगरू असाच करते, बाई. पण तो घरचा नाही जी."

आठ दिवसांनी एकटा परत गेलो आणि मंगरू माझा भाऊ आहे हे सांगितले. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, यात घराण्यातून येणाऱ्या गुणांचा मोठा वाटा असावा. परदेशात जुळ्या मुलांचा अभ्यास झाला आहे. हुबेहूब जुळ्यांत एकाला असले तर दुसऱ्यातही बरेचदा दिसले, साध्या जुळ्यांत नाही. पण ताराचंदमध्ये ते नेमके कुठून आले, हे त्या लिहून देणार नाहीत. हा दोषही नव्हे, म्हणाल्या. ते मंगरूकडूनच आले, असा दावा मीही करत नाही. मला जे दोघांत दिसते आणि जे मी लपवले, तेवढेच लिहितो. मंगरूची लाज वाटायला नको होती. लाज वाटावी असे माणूस घरात दुसरेच होते.

५. मंगरू जिवंत असेपर्यंत घरात राहील. त्याची ताटली बदलू नये. त्याचे ताट आत, घरच्या माणसांत वाढावे.

६. पोस्टातली शिल्लक ताराचंदची. त्याला माग शिकवायचा झाल्यास मंगरूशेजारी बसवावे, घाई करू नये.

७. माझ्या तेराव्याला, जेवणाआधी, हा कागद समाजाच्या बैठकीत पूर्ण वाचावा. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्याच बैठकीतली दोन माणसे घेतली आहेत.

सत्यवतीने घर नाकारले तरी कलम सात कायम राहील.

सोमवारी, १७ तारखेला, भंडाऱ्याला जाऊन हे नोंदवायचे आहे. त्याआधी रविवारी मी अड्याळला जाणार आहे. मंगरू कधी एसटीत बसलेला नाही. रोज त्याला स्टँडवर नेऊन गाडी दाखवतो आहे, काल त्याने पायरीला हात लावला. सत्यवती दार उघडेल की नाही, सांगता येत नाही. उघडले तर हा कागद नंतर वाचीन. आधी एवढेच सांगायचे आहे, "हा माझा भाऊ आहे, बाई. तुझा चुलत सासरा."

ठिकाण : मोहाडी
दिनांक : १३ फेब्रुवारी १९८६

सही : गोपाळ लक्ष्मण सोनकुसरे

आमच्यासमोर वाचून सही केली :
१. मधुकरराव धकाते, निवृत्त शिक्षक (सही)
२. देवकाबाई पराते (डाव्या हाताचा अंगठा)