इंजिनाचं हँडल कोणाकडे

मृत्युपत्राला सुरुवात करण्यापूर्वी माझी एक तक्रार नोंदवून घ्यावी. आज सकाळी माझा चहा फाटला. दूध ताजं होतं, पातेलं घासलेलं होतं, आणि चहा करणारी माझी पत्नी जमुना हिच्याशी काल दिवसभरात एकही भांडण झालेलं नव्हतं. तरी कपात गुठळ्या तरंगल्या. दुसऱ्यांदा केला, तोही फाटला. अकोल्याच्या कचेरीबाहेर बसून सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहीत आलो. चहा पोटात गेल्याशिवाय मला ‘मेहेरबान’ हा शब्दसुद्धा सुचत नाही.

सबब मी, शेषराव देवमन तेलगोटे, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा अर्जनवीस, राहणार मौजे खारखेडी, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. जमुनाला हे मान्य नाही, पण तिची साक्ष मी घेतलेली नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे. येत्या मंगळवारी अमरावतीच्या दवाखान्यात माझा मूतखडा काढणार आहेत, आणि गाव समजतं की मी सुरीला भितो. भितोच. पण त्या फाटलेल्या चहापुढे सुरी काहीच नाही. कारण खाली येईल.

कलम १. राहतं घर, तीन खोल्या व ओसरी, जमुनाला. ती हयात असेपर्यंत तिला कोणी ‘सरक’ म्हणू नये.

कलम २. पोस्टातली बचत निम्मी जमुनाला, निम्मी मुलगा धर्मपाल यास. दौत, टाक आणि बसायची चटई कचेरीबाहेर जो नवा अर्जनवीस बसेल त्याला. चटईवर ढेकूण आहेत, तेही त्यालाच.

कलम ३. चार एकर शेत व त्यातील विहीर धर्मपालला. या विहिरीबद्दल थोडं सांगणं भाग आहे. आमच्या भागात जमिनीखाली खारं पाणी. गावात गोड पाण्याची एकच विहीर होती, ती पुंजाजी पाटलांची. माझी आई तिथे वीस वर्षं लांब उभी राहिली, कोणी वरून घागरीत ओतील म्हणून. एक्कावन्न साली आम्ही आपल्या शेतात खणायला घेतलं तेव्हा पाटील म्हणाले होते, “खना, खना. मीठ तं फुकट भेटन!” बावीस हातांवर गोड पाणी लागलं. पुढे पाटलांची विहीर खारी झाली, आणि आता सारं गाव आमच्याकडे भरतं.

कलम ४. पुंजाजी पाटील यांना माझ्या विहिरीवर रांगेत उभं राहण्याचा हक्क कायमचा देतो. पुढे घुसण्याचा नाही.

कलम ५. गुन्हा. एकसष्ट साली मी विहिरीवर डिझेल इंजिन बसवलं. मिरची केली, कांदा केला, पैसा पाहिला. पाणी पुरेना म्हणून तळाशी बोअर मारला. बोअर मारणारा आणि इंजिन दुरुस्त करणारा वाहेद मिस्त्री तेव्हाच म्हणाला होता, “शेषरावभाऊ, बस करो. ऊपर मीठा है, नीचे खारा. जितना खींचोगे, नीचेवाला ऊपर आएगा.” मी म्हणालो, मिस्त्री, तुम्ही पाना फिरवा, भूगोल शिकवू नका. दुधावर साय असावी तसं आमचं गोड पाणी खाऱ्यावर तरंगत होतं, आणि मी तोंड खाली घालून साय ओरपत होतो.

कलम ६. साक्षीपुरावा. शेजारच्या भागीरथावहिनींची मुलगी पंचफुला अकरावीला आहे. तीन वर्षांपासून दर शनिवारी ती आमच्या विहिरीच्या पाण्यात मूठभर तूरडाळ शिजत घालते आणि किती वेळ लागला ते वहीत लिहिते. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो, हे आमच्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. वहीत लिहिणारी ही पहिली. पहिल्या पानावर पाऊण तास. मी हसलो होतो. वरून वहिनींचा टोमणा, “भाऊजी, पानी तुमचं, परीक्षा तुमची, आन डाय माही!”

यंदा होळीला दोन तास. आज अडीच तासांनंतर दाणा दाणा वेगळा. तिच्या वर्गातल्या मुली आपापल्या गावी हेच करतात. अकरा गावांच्या अकरा विहिरी, पैकी आठांची डाळ शिजेनाशी झाली. ती वही मी आज चहा फाटल्यावर प्रथमच शेवटपर्यंत वाचली. आम्ही सगळे बापलोक एकाच वेळी साय ओरपत होतो. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोड झाल्याचं वाहेदने आयुष्यात पाहिलेलं नाही. चारशे माणसं उद्या पाण्याला कोणाच्या दारात लांब उभी राहणार?

कलम ७. म्हणून माझ्या पश्चात इंजिन धर्मपालचं, पण ते सुरू करायचं हँडल पंचफुलाचं. शनिवारची डाळ तासाभरात शिजली तरच तिने हँडल द्यावं. नाही तर कोणाचा बाप आडवा आला तरी देऊ नये.

हे कलम दुपारी धर्मपाल आणि पंचफुला या दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं. धर्मपाल उसळला. “बाबा, पान्याले का कोनी कुलूप लावते? माही साठ संत्र्याची कलमं मरतीन!”

पंचफुला म्हणाली, “खाऱ्या पान्यानं काय जगतीन, धर्मादादा? घागरीनं घाला. मी बी दोन खेपा करतो, माह्या मैत्रिनी बी येतीन.”

“आन हँडल? लोहाराकडून दुसरं बनवून आनीन मी!”

खरं आहे. तासाभराचं काम. इतरांची मृत्युपत्रं लिहिताना मी कधी कोणाला सांगितलं नाही, की मेलेल्या माणसाचा कागद जिवंत माणसाचा हात धरू शकत नाही. शेतातून इंजिनाचा आवाज येत होता, टुक टुक टुक. इतकी वर्षं तो मला बरकतीचा वाटला होता.

पंचफुलाने वही मिटली. “काका, तुमी मंगयवारी मरसान का नाई, कोनाले मालूम? इंजिन तं आत्ता चालू हाये.”

कलम ७ मधील ‘माझ्या पश्चात’ हे शब्द खोडले आहेत. खोडल्याबद्दल सही केली आहे. मग शेतात जाऊन स्वतः इंजिन बंद केलं आणि गरम हँडल धोतराच्या सोग्यात धरून तिच्या हाती दिलं. धर्मपाल बांधावर उभा होता. म्हणाला, “घागरी किती हायेत आपल्या घरी?” मी सांगितलं, चार. तो गेला. घागरी आणायला गेला की लोहाराकडे, हे मला अजून कळलेलं नाही. मंगळवारी भूल चढेपर्यंत मी कान त्या विहिरीकडेच लावून असणार.

येणेप्रमाणे लिहिलं, वाचलं, कबूल केलं.

सही: शेषराव देवमन तेलगोटे

साक्षीदार:
१. वाहेद वल्द अब्दुल रहीम, मिस्त्री. सही करताना म्हणाले, “भूगोल हम भी जानते थे.”
२. पुंजाजी पाटील. लाभ घेणाऱ्याने साक्ष करू नये असा प्रघात आहे. रांगेत उभं राहणं हा लाभ आहे की नाही, हे त्यांनीच ठरवावं.

मुक्काम खारखेडी, शनिवार, दिनांक ६ जून १९६४.

कलम ८ (मागाहून). सह्या झाल्यावर तूरडाळीची एक थैली भागीरथावहिनींच्या ओसरीवर ठेवून आलो. त्या चुलीपाशी होत्या. आतूनच विचारलं, “कायची डाय हो, भाऊजी?”

म्हटलं, “शनिवारची.”