पाठमोरे बाण

२८ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. जायचं ते माणूस पावसाळ्यातच गेलं. पत्र लिहिते आहे कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. मी सुरुवात करते आणि उरलेलं तू बोलतोस, तेही माझ्याच वतीने. कागदात मध्येच तोंड घालता येत नाही. जन्मभर दातांच्या कवळ्या बनवूनही हा शोध मला इतक्या उशिरा लागला.

रविवारी काय ओरडलास ते लक्षात आहे ना? आईच्या मागे मी या घरात एकटी राहायचं नाही, नव्या वर्षाच्या आत गाशा गुंडाळून तुमच्या वरच्या खोलीत यायचं, असा हुकूम निघाला. मी नाही म्हटलं. त्यावर तू म्हणालास की जी बाई कधी एकटी सिनेमालाही गेली नाही, तिने एकटं राहायच्या गप्पा मारू नयेत. आधी चार दिवस एकटी कुठे जाऊन दाखव, मग मी तोंड उघडणार नाही.

तर मी जाते आहे. तीर्थाच्या जुन्या वाटेचा शेवटचा टप्पा, डोंगराखालच्या स्टेशनापासून वर तीर्थाच्या पायऱ्यांपर्यंत, पायी, डिसेंबरात. हिवाळ्यात एवढ्यासाठी की तेव्हा त्या वाटेवर चिटपाखरू नसतं. भक्तीचा संबंध नाही. आईच्या आजारपणात देवाला मी जे काही सुनावलं, त्यानंतर आमचं बोलणं बंद आहे.

कामाची अडचण नाही. बाकावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने वाळताहेत, सगळे आ वासून, आणि एकही सल्ला देत नाही. इतकी गुणी माणसं आपल्या घरात झाली नाहीत. नवे बूट सैल व्हावेत म्हणून जिना चढउतार करते. खालचे मास्तर काठीने छत ठोकतात. त्यांना वाटतं, घरात घोडा आणलाय.

लोभ असावा, पहारा नसावा.

तुझी,
बेबी (वय वर्षं त्रेपन्न)

---

२ डिसेंबर

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं आणि मध्ये मध्ये हसली. मला हसू आलं नाही.

रागाच्या भरात माणूस बोलून जातो, त्याचा असा कायदा करायचा नसतो. हिवाळ्यात धुकं खाली उतरतं, दिवस लवकर मावळतो. तुझा गुडघा दुखतो. लहानपणी तू भर बाजारात हरवली होतीस, तेव्हा आईची काय अवस्था झाली होती ते मी पाहिलं आहे. उद्या काही झालं तर लोक विचारतील, भाऊ मेला होता का? त्यांना काय उत्तर देऊ? तुझ्या कवळ्या दाखवू?

पण तू ऐकणाऱ्यातली नाहीस. तेव्हा निदान माझ्या आखणीने जा. मी उभं आयुष्य बसगाड्यांची वेळापत्रकं केली. माझी गाडी कधी भलत्या ठिकाणी गेली नाही. हिवाळ्यात वाटेवरची तीनच विश्रामगृहं उघडी असतात. सोळा तारखेला सकाळी स्टेशनावरून निघायचं, रोज एक मुक्काम, एकोणिसाला दुपारी पायऱ्यांवर. मुक्कामांची नावं मागे लिहिली आहेत. ही वाट अशी धडपणे चालून दाखवलीस, तर वरच्या खोलीचा विषय मी काढणार नाही. शब्द देतो.

कळावे. मोजे लोकरीचे घे.

तुझा,
दादा

---

७ डिसेंबर

प्रिय बेबीवन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दादांच्या नकळत लिहिते आहे. बोभाटा झालाच तर मी साफ कानांवर हात ठेवीन.

त्यांनी तिन्ही विश्रामगृहांना फोन केले. मी भाजी निवडत होते, सगळं ऐकलं. आमची बेबी येते आहे म्हणाले. आई गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही म्हणाले. तिला एकटीला खोली देऊ नका, चार बायकांत झोपवा, सकाळी एकटीला सोडू नका, कोणाच्या तरी गळ्यात बांधा आणि मला कळवा. तिसऱ्या ठिकाणचा व्यवस्थापक फारच उत्साही निघाला; तो तुमची पिशवी कपाटात कुलूपबंद ठेवणार आहे.

पुढचं ऐका. एकोणिसाला हे स्वतः पायऱ्यांवर उभे राहणार आणि तिथून तुम्हाला परस्पर आमच्या वरच्या खोलीत आणणार. इतक्या जणांनी सांभाळून आणलं म्हटल्यावर ती एकटी कुठे आली, असा त्यांचा हिशेब आहे. खोलीला पडदे लावून झाले. जांभळे आहेत. रंग त्यांनी निवडला.

मलाही सोबत चल म्हणून मागे लागलेत. बघते.

मी त्यांची बायको आहे, त्यांची हेर नाही; आणि तुमचीही नाही. पण डोकं ठिकाणावर नाही हे ऐकलं आणि हातातली सुरी मी जरा जोरात ठेवली. माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

---

९ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि हातातली कवळी भिंतीवर भिरकावली. कवळीला टवकाही उडाला नाही, भिंतीचा पोपडा निघाला. म्हणजे काम चांगलं उतरलं होतं. माझ्या डोक्याचा दाखला कोणाला हवा असेल तर तो पोपडा मी जपून ठेवला आहे.

माझं डोकं ठिकाणावर नाही! आई शेवटी मला ओळखेनाशी झाली, घरात चोर शिरला म्हणून माझ्यावर चमचे फेकायची, तेव्हा ते अगदी ठिकाणावर होतं. दादा रविवारी फळं घेऊन यायचा, अर्धा तास बसायचा आणि तू आहेस म्हणून निभावतंय असं सांगून जायचा. तेव्हा मी शहाणी होते, कारण ते सोयीचं होतं. आता मला माझ्या घरात दार लावून नुसतं बसायचं आहे, कोणी हाक न मारता, तर मी वेडी.

आणि मी बाजारात हरवले नव्हते. गोट्यांचं दुकान दिसलं म्हणून यानेच माझा हात सोडला होता. हे त्याला सांगू नका, मला स्वतः सांगायचं आहे.

त्याला अडवू नका. एवढंच कळवा की बेबी वेळापत्रक पाळते आहे. तारखा त्याच, मुक्काम तेच, वाट तीच. मी खोटं बोलत नाही.

तुम्ही मात्र त्याच्याबरोबर जाऊ नका. एवढं माझ्यासाठी करा.

असाच जीव लावत राहा.

तुमची,
बेबी

---

१९ डिसेंबर, तीर्थाच्या पायथ्याशी

बेबी,

आशीर्वाद लिहायची इच्छा नाही, पण लिहितो. अनेक आशीर्वाद.

दुपारपासून पायऱ्यांवर उभा होतो. कानटोपी घालून, वेड्यासारखा. तुझा पत्ता नाही. तिन्ही ठिकाणी फोन केले. तिघंही म्हणाले की बेबी नावाची कोणी पोरगी आलेली नाही. पोरगी! दरी, धुकं, कोल्हे, सगळं डोळ्यांसमोर आलं. पोलिसांत जायला निघालो, जाण्याआधी घरी फोन केला, तर तुझी वहिनी शांतपणे म्हणाली की आधी जेवून घ्या, तिचा फोन आला होता, ती खाली स्टेशनावर सुखरूप उतरली आहे आणि चहा पिते आहे. स्टेशनावर! जिथून निघायचं तिथे!

तू मला जगासमोर मूर्ख बनवलंस. आईच्या जागी तुला मी आहे, हे विसरलीस. माझ्या काळजीची ही किंमत?

संध्याकाळची घंटा वाजून थांबली आणि सगळी माणसं पांगली. तिथे मी एकटाच उरलो. असं उभं राहायची मला सवय नाही. शेवटची बस चुकली. ती नव्या वेळापत्रकात लवकर केली आहे, मूर्खासारखी. आता इथल्या एका खोलीत बसून हे लिहितो आहे. शेजारी कोणी घोरतसुद्धा नाही.

उत्तराची अपेक्षा नाही. ताबडतोब उत्तर पाठव.

दादा

---

२४ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. शिरसाष्टांग नमस्कार कोपरापासून आहे, तसाच स्वीकार.

मी तुझं वेळापत्रक काटेकोर पाळलं. सोळाला सकाळी बसने वर गेले, तीर्थाच्या पायऱ्यांवर बसून बूट बांधले आणि खाली निघाले. तू उभा होतास त्याच पायरीवर असेन. तू सगळ्यांना सांगून ठेवलंस की बेबी येते आहे. ते बिचारे खालून येणाऱ्या एका वेड्या पोरीची वाट बघत होते. वरून उतरणाऱ्या, पिकल्या केसांच्या, बूट वाजवत येणाऱ्या बाईकडे कोण बघतो? वहीत मी बेबी नव्हे, माझं खरं नाव लिहिलं आणि मला खोली मिळाली. एकटीला. आतून कडी असलेली. कितीतरी दिवसांनी मी कडी लावली आणि बाहेरून कोणी खोकलं नाही.

मधल्या मुक्कामावर तर कमाल झाली. तिथे तुझ्या हिशेबानेही मी त्याच संध्याकाळी पोहोचणार होते. व्यवस्थापकाने मला सूप वाढलं आणि हळूच सांगितलं, खालून एक बेबी येणार आहे, आई गेल्याने भ्रमिष्ट झालेली; तुम्ही समजूतदार दिसता, तर ती आली की जरा लक्ष ठेवाल का? मी हो म्हटलं, दादा. अजून ठेवते आहे.

वाट सोपी नव्हती. दगडांवरचे पिवळे बाण एकाच अंगाला रंगवलेले आहेत. सगळी दुनिया तीर्थाकडे जाणार, हे त्यांनी गृहीतच धरलंय. तिकडून येणाऱ्याचा विचार कोणी केलेला नाही. फाटा आला की अंदाजाने थोडं पुढे जायचं आणि मागे वळून बघायचं. पाठीमागे बाण दिसला तर वाट बरोबर. एकदा दिसला नाही. मी धुक्यात मेंढ्यांच्या वाड्यापाशी पोहोचले. घाबरले. खोटं कशाला सांगू, चांगलीच घाबरले. आणि मग चिडले आणि मोठमोठ्याने बोलायला लागले. तुला सोडलं नाही, देवाला सोडलं नाही, आईलासुद्धा सोडलं नाही. चमच्यांचं सगळं काढलं, आणि बाजारात मी हरवले नव्हते, गोट्यांच्या दुकानासाठी तूच माझा हात सोडला होतास, तेही काढलं. मेंढ्यांनी मुकाट ऐकून घेतलं. आवाज बसेपर्यंत बोलले आणि मग आले तशी परत फिरून फाट्यावर गेले. तू सांगून ठेवलेलं एकही माणूस तिथे नव्हतं, म्हणून हे जमलं.

तेव्हा शब्द पाळ. वरच्या खोलीत तू बस. जांभळा रंग तुला खुलतो.

आणि तू जे लिहिलंस ना, पायऱ्यांवर एकटा उरलास म्हणून, ते मी दोनदा वाचलं. वहिनी आल्या नाहीत, कारण मीच त्यांना जाऊ नका म्हटलं होतं. चिडायचं तर माझ्यावर चीड. आईने डबा दिला, वहिनींनी दिला, शेजारी कायम कोणीतरी. साठी उलटल्यावर पहिल्यांदा तू भर हिवाळ्यात एकटा कुठे गेलास, बस चुकवलीस, परक्या खोलीत झोपलास आणि सकाळी उठून घरी आलास.

मेलास का?

लोभ आहे तो तसाच राहू दे, फक्त येताना बेल वाजवून यावा.

तुझी,
धाकटी बहीण

ता. क. बेबी काही त्या मुक्कामाला पोहोचली नाही. आता तिची वाट बघू नकोस.