पाहुणीच्या चपला

मंगळवार, ४ मार्च

मासां दुकानदारीण झाली! नवऱ्याची धाकटी बायको, माझी सवत, जिला कापडाची उलट-सुलट बाजू कळत नाही, ती म्हणे कापड विकणार. तेही माझ्या गाळ्याच्या समोर. अख्ख्या लोमे शहराच्या बाजारात हिला दुसरी जागा मिळाली नाही!

"ताई, तुमच्या पायाशी बसून शिकेन." पायाशी कसली, नाकासमोर बसलीय.

बुधवार, ५ मार्च

घडी घालता येत नाही. भांडी पुसायच्या फडक्यासारखं गुंडाळून ठेवते. माझा दिवस मजेत गेला.

गुरुवार, ६ मार्च

महिला दिन जवळ आला की बाजारात या मुली उगवतातच. आजची सेनामे नावाची, कुठल्याशा संस्थेची. उंच टाचांचे बूट घालून चिखलातून आली. "आई, धंद्यात पडायची प्रेरणा कुठून मिळाली?"

प्रेरणा! मी म्हटलं, मुलींच्या शिक्षणासाठी. पोरगी खूश, भराभर लिहून घेतलं. शेजारच्या बटणवालीनंही मुलांचीच नावं पुढे केली. तिचा नवरा पगार दारूत ओततो, म्हणून ती बटणं विकते — हे कोण सांगणार?

आणि मी बाजारात का बसले? नवऱ्यानं, या आयितेनं, मासांला घरात आणलं, त्याच आठवड्यात आईच्या पेटीतली कापडं डोक्यावर घेऊन मी बाजार गाठला. याच्या हातचं खायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. आता तोच माझ्या हातचं खातो. बंदरातली नोकरी संपल्यापासून ओसरीवर रेडिओ ऐकत बसतो आणि मक्याच्या पिठाचं आकुमे मऊ शिजलं नाही म्हणून कुरकुरतो. ही माझी प्रेरणा. लिही बाई!

मासांनं तर कमालच केली. म्हणाली, "मला एक खोली हवी होती." घरात पाच खोल्या, त्यातली मागची वाऱ्याची हिचीच. आणि बाईसाहेबांना खोली हवी! मी मोठ्यानं हसले. सेनामेनं ते लिहून घेतलं नाही.

शनिवार, ८ मार्च

नवा गठ्ठा फोडला. निळ्या जमिनीवर पिवळ्या चपलांचे जोड, सगळ्यांचे चवडे बाहेरच्या बाजूला. गठ्ठ्यावर नुसता नंबर असतो. नाव आम्ही बाजारातल्या बायकांनी द्यायचं, बिननावाचं कापड पडून राहतं. जे घरात तोंडानं बोलता येत नाही ते बायका नेसून दाखवतात, मग नाव नको?

मी कापड झटकून उंच धरलं आणि समोर बघत ओरडले, "याचं नाव पाहुणीच्या चपला! चार दिवसांची पाहुणी, आली तशी जाणार!"

अख्खी रांग हसली. बटणवालीनं मांडीवर थाप मारली. मासां मात्र मान खाली घालून घडी घालत राहिली. तीही चुकलीच.

बुधवार, १२ मार्च

नाव गावभर झालं! ज्या ज्या घरात सवत आहे तिथली थोरली येऊन मागतेय. "पाहुणीच्या चपला आहे का हो?" आहे ना, यासाठीच तर बसलेय.

आयितेच्याही कानावर गेलं. "अगं, किती जळशील?"

"धूर लागतोय का तुम्हाला?" मी म्हटलं. "मग जेवा गुपचूप."

जेवला. दोनदा वाढून घेतलं. लाज नाही.

शनिवार, १५ मार्च

मासां गाळ्यात आली. "ताई, सहा वार पाहुणीच्या चपला द्या." घासाघीस नाही, काही नाही. स्वतःच्या अंगावरचा टोमणा विकत घेणारी बाई आज पहिल्यांदा पाहिली! माप मात्र चोख दिलं, धंद्यात मी खोट करत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

आज नेसून आली. डोक्याला त्याच कापडाचा रुमाल बांधलेला. छान दिसत होती — जळो. मी तोंड उघडणार, तर तिनंच समोर येऊन गुडघा टेकून नमस्कार केला.

"ताई, खोली मिळाली. बे नावाच्या वस्तीत, तळ्याकडे खिडकी आहे."

"म्हणजे? आयितेला सांगितलंस?"

"नेसून दाखवलं की. समोर उभी राहिले. त्यांनी विचारलं, लापशी कुठाय."

मला हसू फुटलं. तीही हसली. मग म्हणाली, "तुमच्याकडे बघूनच धाडस आलं. एकच कळत नाही ताई. तुमचं दुकान एवढं चालतं. मग तुम्ही अजून तिथं कशा?"

"आगाऊपणा नको," म्हटलं. दुपारभर गिऱ्हाइकांवर खेकसत बसले.

शनिवार, २२ मार्च

आयिते म्हणतो, "गेली ती. झालं ना तुझ्या मनासारखं? आता घर तुझं एकटीचं." आणि लगेच, "भाजीत मीठ कमी आहे."

जिंकले की मी! इतकी वर्षं हेच तर हवं होतं. तरी चुलीपाशी बसून रडले. भयंकर राग येतोय — मासांचा नाही. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं, झाडून-पुसून लख्ख करून गेलीय कार्टी.

रविवार, २३ मार्च

सकाळी पाहुणीच्या चपला नेसले. आयितेनं रेडिओवरून मान वर केली. "चर्चला एवढ्या लवकर? येताना मिरच्या आण."

हे मासांच्या नव्या खोलीत बसून लिहितेय. खिडकीतून तळं दिसतं. माझी कापडं तिनं पेटीत ठेवली — घड्या अजूनही धड येत नाहीत.